स्वदेशी खेळाला सवलत नको, कसोटी हवी

३० ऑगस्ट २०२० रोजी ‘मन की बात’ या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी खेळण्यांचा विषय काढला. संगणकावरील खेळही भारतात तयार व्हावेत आणि त्यांचे विषयही भारतीय असावेत, असे आवाहन त्यांनी तरुण उद्योजकांना केले. तीनच दिवसांनी, २ सप्टेंबर रोजी, केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणास्तव ११८ ॲपवर बंदी घातली. त्यात ‘पब्जी मोबाईल’ होते. आणखी दोन दिवसांनी अभिनेते अक्षय कुमार यांनी ‘फौजी’ या भारतीय खेळाची घोषणा केली. आवाहन, बंदी आणि पर्याय हे सारे एका आठवड्याच्या आत घडले. गलवानच्या खोऱ्यात १५ जूनच्या रात्री धारातीर्थी पडलेल्या २० जवानांची आठवण ताजी होती. समाजमन संतप्त होते आणि त्या संतापाला स्वदेशीची दिशा मिळाली, ही गोष्ट निश्चितच स्वागतार्ह होती.

त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. या काळात स्वदेशी खेळांची घोषणा झाली की टाळ्या वाजल्या, पूर्वनोंदणीचे आकडे झळकले, अभिमानाने ऊर भरून आले. परंतु तो खेळ प्रत्यक्ष खेळणाऱ्या मुलाचे त्याविषयी काय मत आहे, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली काय? वर्तमानपत्रांनी क्वचितच घेतली. शिक्षकांनी घेतली नाही. आणि ज्या घरांत स्वदेशीचा उच्चार नित्य होतो, त्या घरांनी तर मुळीच घेतली नाही. तेथे या विषयावर दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. खेळ परदेशी असेल तर ‘व्यसन’ आणि खेळ भारतीय असेल तर ‘अभिमानास्पद’. दोन्ही निकाल खेळ न पाहताच दिलेले असतात, हे त्यांतील साम्य आहे.

नाशिक जिल्ह्यातील कळवण हे तालुक्याचे गाव या प्रश्नाकडे पाहण्यासाठी योग्य ठिकाण आहे. सप्तशृंगीचा गड याच तालुक्यात येतो. गिरणेचे उगमाकडील खोरे, चणकापूरचे धरण, कांद्याचे पीक आणि बहुसंख्येने आदिवासी समाज ही तालुक्याची ओळख. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालयही कळवणलाच आहे. पुण्या-मुंबईत बसून तयार होणारा खेळ अखेर येथील मुलाच्या हातातील फोनवरच उतरायचा असतो. तो तेथे टिकला तरच तो राष्ट्राचा खेळ म्हणावा. अन्यथा तो महानगरांचा खेळ होय. म्हणून निकाल द्यायचा तर तो कळवणच्या खेळाडूने द्यायला हवा.

‘फौजी’ने दिलेला धडा

‘फौजी’ २६ जानेवारी २०२१ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या मुहूर्तावर उपलब्ध झाला. बंगळुरूच्या ‘एनकोअर गेम्स’ने तो तयार केला होता. उत्पन्नातील २० टक्के वाटा ‘भारत के वीर’ या निधीस देण्याचे जाहीर झाले होते. पूर्वनोंदणी सुरू होताच पहिल्या चोवीस तासांत दहा लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. इतका उत्साह कोणत्याही भारतीय खेळाच्या वाट्याला त्यापूर्वी आला नव्हता. आणि काही दिवसांतच ‘गुगल प्ले स्टोअर’वरील त्याचे गुणांकन पाचपैकी तीनच्या आसपास घसरले.

याचे सोयीस्कर स्पष्टीकरण लगेच पुढे आले. पब्जीच्या चाहत्यांनी सूड उगवला, असे सांगण्यात आले. त्यात काही तथ्य असेलही. परंतु खेळाडूंच्या तक्रारी नीट वाचल्या असत्या तर त्यांत द्वेषापेक्षा निराशा अधिक दिसली असती. पहिली तक्रार अशी, की हा खेळ एकट्यानेच खेळायचा होता. चार मित्रांनी मिळून मोहीम आखायची, एकाने पुढे जायचे, दुसऱ्याने त्याची पाठ राखायची, जखमी झालेल्याला तिसऱ्याने उठवायचे, हा सांघिक आनंद पब्जीने त्या मुलांना दिला होता. ‘फौजी’त आरंभी तो नव्हताच, संघाने खेळण्याची सोय नंतरच्या काही महिन्यांत जोडण्यात आली. दुसरी तक्रार पुनरावृत्तीची होती. शत्रू येतात, त्यांना मारावे, पुढे चालावे, पुन्हा शत्रू येतात.

बंदुका नाहीत, हीदेखील एक तक्रार होती. येथे मात्र खेळ तयार करणाऱ्यांची बाजू न्याय्य होती. गलवानमध्ये गोळी झाडली गेली नव्हती. झुंज हातघाईची झाली होती. इतिहासाशी प्रामाणिक राहून त्यांनी हातघाईचाच लढा दाखविला. परंतु हे सत्य खेळाडूच्या हाताला जाणवेल असे उतरविणे, प्रत्येक झुंजीत नवा डाव, नवा धोका, नवी युक्ती असणे, हे काम उरलेच होते. विषय उदात्त आहे म्हणून मांडणीतील उणीव झाकली जात नाही. उलट विषय जितका उदात्त, तितकी मांडणीची जबाबदारी मोठी. हुतात्म्यांच्या नावाने उभा केलेला खेळ मुलाने दोन दिवसांत काढून टाकावा, यात दोष मुलाच्या देशभक्तीचा मानायचा की खेळाच्या घडणीचा?

स्वदेशीचा खरा अर्थ जाणणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर अवघड वाटू नये. जाडेभरडे कापड निष्ठेने अंगावर घालणारी पिढी वंदनीयच होती. परंतु देशातील उद्योग केवळ ग्राहकाच्या त्यागावर उभे राहत नाहीत. ते मालाच्या कसावर उभे राहतात. त्याग हा आरंभ असतो, कस हा आधार असतो. मुलांकडून त्यागाची अपेक्षा करणे तर अधिकच अयोग्य आहे. मूल खेळताना त्याग करत नसते. ते खेळत असते.

पुण्यातील दोन उदाहरणे

याच काळात महाराष्ट्राच्या भूमीत दोन प्रयत्न झाले. त्यांची दखल ज्या गांभीर्याने घ्यायला हवी होती, तशी घेतली गेली नाही.

पहिला प्रयत्न ‘राजी’चा. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहान चमूने हा खेळ घडविला आणि तो २०२० मध्ये जगापुढे आला. राजी ही एक साधी मुलगी. देव आणि असुर यांच्या युद्धात तिचा धाकटा भाऊ गोलू हरवतो. त्याचा शोध घेत ती दुर्गेच्या आणि विष्णूच्या साह्याने महाबलासुराला सामोरी जाते. वाटेत मंडलाकार कोडी फिरवून जुळवावी लागतात, भित्तिचित्रांतून कथा उलगडते, राजस्थानी वास्तुशैलीची आठवण करून देणारे महाल पार करावे लागतात. या खेळासाठी २०१७ मध्ये लोकांकडून निधी उभारण्याचा प्रयत्न झाला होता. तो अपयशी ठरला. तरीही चमूने काम सोडले नाही. २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या गटात या खेळाला नामांकन मिळाले.

जगभरच्या खेळाडूंनी राजीच्या चित्रणाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. त्याच खेळाडूंनी दोषही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. झुंजीत हालचाली ताठर वाटतात, खेळ लवकर संपतो, शेवट अर्ध्यावर तुटल्यासारखा वाटतो. या मतांना देशद्रोह किंवा धर्मद्वेष ठरविण्याची आवश्यकता घडविणाऱ्यांना वाटली नाही. त्यांनी ती मते ऐकली. पुढे सुधारित आवृत्ती आली. तीत झुंजीची घडण सुधारली आणि पात्रांना हिंदी आवाज मिळाला. दुर्गेचे नाव घेतले म्हणून दोष माफ व्हावेत, अशी अपेक्षा न धरता दुर्गेच्या नावाला शोभेल असे काम करण्याचा हा मार्ग आहे. भक्ती आणि कारागिरी यांत विरोध नसतो, हे आपल्या मंदिरांच्या शिल्पकारांनी शतकानुशतके दाखविलेलेच आहे.

दुसरा प्रयत्न ‘इंडस’चा. पुण्यातीलच ‘सुपरगेमिंग’ या कंपनीने तो २०२२ मध्ये जाहीर केला आणि १६ ऑक्टोबर २०२४ रोजी मोबाईलवर आणला. त्याची पूर्वनोंदणी एक कोटीच्या पुढे गेली होती. हा खेळ भविष्यकाळात घडतो. ‘वीरलोक’ नावाच्या दूरस्थ भूमीवर एका प्राचीन, प्रगत संस्कृतीचे अवशेष आहेत. ‘मिथवॉकर’ म्हणविणारे योद्धे ‘कॉस्मियम’ या दुर्मिळ द्रव्याच्या शोधात तेथे उतरतात. प्रतिस्पर्ध्यांना बाद करून शेवटपर्यंत टिकणे हा जिंकण्याचा एक मार्ग आणि अखेरच्या टप्प्यात कॉस्मियम हस्तगत करणे हा दुसरा.

या कल्पनेतील मोल ओळखले पाहिजे. भविष्यकाळ म्हटला की चित्रपटांत आणि खेळांत न्यूयॉर्क दिसते, टोकियो दिसते, अलीकडे शांघायही दिसते. भारत मात्र नेहमी भूतकाळात दिसतो. राजवाडे, हत्ती, साधू, भग्न मंदिरे. भारतीय संस्कृती ही संग्रहालयातील वस्तू नसून उद्याच्या जगातही तिचे स्थान आहे, असे म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे; परंतु ते उद्याचे जग डोळ्यांपुढे उभे करून दाखविणारे थोडे. इंडसने ते धाडस केले. शिवाय जिंकण्याचे दोन मार्ग ठेवल्याने नुसत्या नेमबाजीत विचार शिरला. संघाने शत्रूमागे धावावे की कॉस्मियमकडे वळावे? कोणी पुढे जावे, कोणी अडवून धरावे? हा निर्णय चौघांना मिळून क्षणात घ्यावा लागतो.

प्रकाशनापूर्वी या कंपनीने वेगवेगळ्या शहरांत खेळाडूंना बोलावून चाचणी-खेळ घेतले, हीदेखील योग्य दिशा होती. तरीही खेळ हाती आल्यावर कौतुक झाले तशा तक्रारीही झाल्या, आणि त्या होणारच. कारण खेळाडूचे प्रश्न जाहिरातीतील प्रश्नांहून निराळे असतात. नेम धरल्यावर हाताला योग्य प्रतिसाद मिळतो काय? समोरचा प्रतिस्पर्धी माणूस आहे की यंत्राने चालविलेले बाहुले? खेळ ऐन रंगात असताना चित्र अडखळते काय? दुसऱ्या महिन्यातही डाव भरण्याइतके खेळाडू मिळतात काय? ‘वीरलोक’ हे नाव कानाला गोड वाटते, परंतु या चार प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली तर ते नाव खेळाडूला रोखून धरू शकत नाही.

कळवणच्या हातातील फोन

हे प्रश्न पुण्यातील खेळाडूचे आहेत तसे कळवणच्या खेळाडूचेही आहेत. परंतु कळवणच्या खेळाडूचा एक प्रश्न त्याही आधीचा आहे. हा खेळ या फोनवर चालेल काय?

शेतमजूर किंवा लहान शेतकरी कुटुंबातील मुलाच्या हाती बहुधा घरातील एकमेव स्मार्टफोन असतो. तो स्वस्त असतो, जुना असतो आणि त्यातील जागा आधीच भरलेली असते. गड-घाटाच्या भागात नेटवर्कची खात्री नसते. अशा फोनसाठी पब्जीची ‘लाइट’ म्हणजे हलकी आवृत्ती होती. २०२० च्या बंदीत मूळ पब्जीसोबत तीही गेली. जुलै २०२१ मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या नावाने तोच खेळ भारतासाठी परत आला. त्यासोबत हलकी आवृत्ती आली नाही. स्वस्त फोनवर चालणारा दुसरा लोकप्रिय खेळ ‘फ्री फायर’. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी आणखी ५४ ॲपवर बंदी आली, त्यात तो गेला. त्याची अधिक क्षमतेचा फोन मागणारी ‘मॅक्स’ आवृत्ती मात्र उपलब्ध राहिली. ‘फ्री फायर इंडिया’ ५ सप्टेंबर २०२३ रोजी येणार, महेंद्रसिंह धोनी त्याचे प्रचारदूत, अशी घोषणा झाली. तो ऐनवेळी पुढे ढकलला गेला.

राष्ट्राच्या सुरक्षेसाठी घातलेल्या बंदीबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. परंतु बंदीने मोकळी झालेली जागा कोणी भरावयाची? या जागेवर भारतीय खेळ उभा राहायला हवा होता, आणि तो सर्वप्रथम स्वस्त फोनवर चालणारा हवा होता. तसे न होता भारतीय खेळांची स्पर्धा महागड्या फोनवरील चकाकीशी लागली. परिणामी ज्याच्यासाठी स्वदेशी पर्यायाची खरी निकड होती, तोच खेळाडू परदेशी खेळाच्या कोणत्या ना कोणत्या आवृत्तीकडे परतला. त्याला दोष देणाऱ्यांनी आधी त्याचा फोन हातात घेऊन पाहावा.

भाषेची गोष्टही तीच. ‘फौजी’ प्रारंभी इंग्रजी, हिंदी आणि तमिळ या भाषांत आला. तमिळ आली याचा आनंद आहे. तेथील खेळाडू आपली भाषा मागतो आणि उद्योग त्याची दखल घेतो. मराठी खेळाडूने ती का मागू नये? मराठी अभिजात भाषा म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये घोषित झाली. त्या अभिजाततेचा उत्सव साहित्यसंमेलनाच्या मंडपात होतो, तसा तो मुलाच्या कानातील हेडफोनमध्येही व्हायला हवा. संघातील सोबत्याला ‘मागे सर’, ‘डावीकडे बघ’ असे कळवणचा मुलगा मराठीत किंवा कोकणा बोलीतच सांगत असतो. भाषा खेळाडूपाशी आहे. ती फक्त खेळापाशी नाही.

एका शब्दाचा निकाल

आता घराकडे वळणे प्राप्त आहे. मध्यमवर्गीय घरात मोबाईलवरील खेळाचा विषय निघाला की ‘व्यसन’ हा शब्द उच्चारला जातो आणि चर्चा संपते. हा शब्द निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत खेळाच्या विकाराचा समावेश केला आणि ती आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अमलात आली. परंतु त्या व्याख्येकडे लक्ष द्यावे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व कामांहून खेळाला अग्रक्रम मिळणे आणि हानी होत असूनही तो न थांबणे, ही लक्षणे साधारणपणे बारा महिने दिसली तर तो विकार होय. ज्या मुलाला हा विकार जडला असेल त्याला उपचार हवेत, उपहास नको. आणि ज्याला तो जडलेला नाही, त्याला रुग्ण ठरविण्याचा अधिकार घरातील ज्येष्ठांना कोणी दिला?

संसदेने या विषयात घराहून अधिक विवेक दाखविला. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ऑनलाइन खेळांना प्रोत्साहन देणारे आणि त्यांचे नियमन करणारे विधेयक संमत केले आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांना मनाई केली; असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला आणि मनोरंजन-शिक्षणाच्या खेळांना निराळे स्थान दिले. जुगार वेगळा, खेळ वेगळा. क्रिकेटच्या संघनिवडीच्या नावाने पैसा लावायला लावणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती वर्षानुवर्षे बैठकीच्या खोलीत दाखविल्या जात होत्या. भारतीय संघाच्या गणवेशावरही अशाच एका कंपनीचे नाव झळकत होते. तेव्हा किती घरांत ‘व्यसन’ हा शब्द उच्चारला गेला? वडिलांचा पैसे लावणे हा छंद आणि मुलाने मित्रांसह कोडे सोडविणे हे व्यसन, हा न्याय कोणत्या नीतिशास्त्रात बसतो?

हिंसेचा आक्षेप अधिक विचारणीय आहे. दिवसभर गोळ्या झाडण्याचा खेळ बालमनावर ओरखडे उठवितो, ही चिंता खोटी म्हणता येणार नाही. परंतु या चिंतेचे उत्तर खेळ हिरावून घेण्यात नाही. मुलाच्या हाती अधिक चांगला खेळ देण्यात आहे. आणि अधिक चांगला म्हणजे काय, हे खेळ न खेळणारा ज्येष्ठ एकटा ठरवू शकत नाही. त्यासाठी खेळणाऱ्याशी बोलावे लागते. त्याने दिलेल्या एका तारांकित शेऱ्यामागे निरीक्षण असते, तुलना असते, कारणमीमांसा असते. संघातील सोबती डाव अर्ध्यावर सोडून गेला तर काय होते, दोन खेळाडूंना सारखे काम दिले तर संघ का कंटाळतो, कोडे फार सोपे असले तर चौथ्या सोबत्याला कामच का उरत नाही, हे तो जाणतो. निबंधात ‘माझा आवडता सण’ लिहिताना अडखळणारा मुलगा या विषयावर अर्धा तास सुसंगत बोलू शकतो. परंतु ऐकणारे कोणी नसते.

चक्रव्यूह कोण रचणार?

मैदानी खेळांच्या अभिमान्यांना हे सारे पटणार नाही. त्यांनी खो-खोचा इतिहास आठवावा. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने भारतीय खेळ बर्लिनच्या ऑलिम्पिकपर्यंत नेऊन दाखविले. नियम बांधले गेले, तपासले गेले, पुन्हा बदलले गेले. २०२२ च्या ‘अल्टिमेट खो-खो’ स्पर्धेत कोणत्याही दिशेने धावू शकणारा ‘वजीर’ आला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला अशी दोन्ही अजिंक्यपदे भारताने पटकावली. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचेच. परंपरा जपायची म्हणून नियम गोठवून ठेवले असते तर हा खेळ शाळेच्या पटांगणापलीकडे गेला नसता. खेळ जिवंत राहतो तो खेळाडूंचे ऐकून. जो न्याय मातीला, तोच पडद्याला.

आणि सांघिक कोड्यांची सामग्री भारतात कमी आहे काय? चक्रव्यूह हे सांघिक कोडेच होय. अभिमन्यूला आत शिरण्याची वाट ठाऊक, बाहेर पडण्याची नाही. पाठीमागून येणाऱ्या पांडवांना जयद्रथ अडवितो आणि एकाकी पडलेला वीर मारला जातो. संघातील एक दुवा तुटला की पराक्रमही व्यर्थ ठरतो, हा त्यातील बोध चार मुलांनी एकत्र खेळून अनुभवावा, असा खेळ कोणी रचला? कळवणला लागून असलेल्या बागलाणात साल्हेरचा किल्ला आहे. १५६७ मीटर उंचीचा हा किल्ला जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या अन्य ११ दुर्गांसह जागतिक वारशाच्या यादीत गेला. १६७२ मध्ये याच साल्हेरच्या परिसरात मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या सैन्याने मोगलांना खुल्या मैदानात पराभूत केले. दोन दिशांनी आलेल्या दोन फौजांचा मेळ हे त्या विजयाचे मर्म. कळवण-सुरगाणा भागात मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. कोकणा बांधव समूहाने व्रत पाळतात आणि रात्री डोंगराच्या सान्निध्यात जागवितात. डोंगर, गुहा, समूह, नियम, शोध. भविष्यकाळातील एखाद्या ‘वीरलोका’ची कल्पना करण्यासाठी याहून समृद्ध भूमी कोणती?

त्याऐवजी एकामागून एक भारतीय खेळ त्याच वाटेने जातो. विमानातून उडी घ्या, बंदूक शोधा, शंभरांतून एक उरा. साचा परक्याचा आणि वर नाव तेवढे आपले, हे स्वदेशीचे अर्धवट रूप होय. नावापलीकडे जाऊन खेळाचे नियमच भारतीय अनुभवातून घडले, तर त्या खेळाला देशभक्तीची शिफारस लागणार नाही. जपानने आपले खेळ जगाला विकले ते जपानी म्हणून सवलत मागून नव्हे. ते खेळायला उत्तम होते, म्हणून त्यांतील जपान जगाने स्वीकारला.

घराचे आणि राज्याचे कर्तव्य

परिस्थिती प्रतिकूल नाही. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातील नामवंत खेळाडूंशी चर्चा केली. त्यांत मिथिलेश पाटणकर होते आणि छिंदवाडा जिल्ह्यातील लहानशा गावातून पुढे आलेल्या पायल धारेही होत्या. देशाचा प्रमुख खेळाडूंचे मत ऐकतो. घरातील प्रमुखाला मात्र तेवढा वेळ मिळत नाही. २०२५ मध्ये मुंबईत ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ ही संस्था सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि खेळनिर्मिती या क्षेत्रांसाठी धोरण मंजूर केले. हे धोरण मुंबई-पुण्याच्या सीमेत अडकून राहिले तर त्याचा लाभ पूर्वीच्याच वर्गाला मिळेल. कळवणच्या आश्रमशाळेतील विद्यार्थ्याला या संस्थेच्या दारापर्यंत नेणारी शिष्यवृत्ती हवी, प्रशिक्षण हवे आणि त्याचे मत मागणारी व्यवस्था हवी. खेळाची चाचणी घ्यायची तर एक चमू पुण्यात बसवावा आणि एक कळवणला. स्वस्त फोनवर, तुटक नेटवर्कवर, मराठी आणि कोकणा बोलणाऱ्या मुलांच्या हाती जो खेळ टिकेल, तो देशभर टिकेल.

घराचे काम याहून सोपे आहे, म्हणूनच ते टाळले जाते. मुलगा किंवा मुलगी कोणता खेळ खेळते, संघात तिची भूमिका कोणती, त्या खेळात काय चांगले आणि काय वाईट, एवढे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये. त्यातून वेळेची मर्यादा ठरविता येईल, पैशाचा सापळा ओळखता येईल, अनोळखी सोबत्यांचा धोका समजेल. मर्यादा घालणे हे ज्येष्ठांचे कर्तव्यच आहे. परंतु ज्याला विषय समजलेला असतो, त्याचीच मर्यादा मूल मानते. भारतीय खेळ हाती आला तर तो सहकुटुंब खेळून पाहावा आणि तो कच्चा असेल तर तसे निर्भीडपणे कळवावे. ‘आपल्या लोकांनी केला आहे, नावे ठेवू नका’ असे मुलाला सांगणे म्हणजे त्या उद्योगाच्या पायाशीच वाळवी सोडणे होय.

स्तुतीने उद्योग सुखावतो, टीकेने तो सुधारतो. ‘फौजी’ला टाळ्या मिळाल्या, ‘राजी’ला टीका मिळाली. खेळाडूंचे ऐकून सुधारणा करण्याची वाट ‘राजी’ने दाखविली. ‘इंडस’ने भविष्याचे दार किलकिले केले. ते पूर्ण उघडण्यासाठी लागणारे बळ पूर्वनोंदणीच्या आकड्यांतून येणार नाही. ते कळवणसारख्या शेकडो गावांतील, स्वस्त फोन हाती धरून खेळाचे गुणदोष बिनचूक सांगणाऱ्या मुलांपाशी आहे. ती मुले बोलायला तयार आहेत. ऐकणाऱ्यांनी आता उशीर करू नये.